टोपीची पिन आणि गाडीचं ॲव्हरेज



आज मी कर्ज, व्याज, परतफेड यांबद्दल बोलणार नाही. आज गाडीच्या ॲव्हरेजबद्दल बोलणार आहे. "हा तर पुरुषांचा विषय, रेडिओवर बायकांच्या कार्यक्रमात कशाला?" असं काहींना वाटेल. मलाही दोन वर्षांपूर्वी असंच वाटलं असतं. पण याच विषयावरून आमच्या एका बैठकीत भांडण झालं, एका पोरावर चोरीचा आळ आला आणि मी सहयोगिनी असून गप्प बसले. म्हणून हा विषय मी मुळापासून समजून घेतला. बी.ए.ला माझा इतिहास होता, तेव्हा इतिहासाच्याच वाटेने सांगते.

आधी आमची हकिकत थोडक्यात. आमच्या चार गटांनी मिळून एक जुनी, पाच माणसांची पेट्रोल गाडी घेतली. पापड, शेवया, मसाले बाजाराला न्यायचे आणि अडीअडचणीला बाळंतिणीला तालुक्याला पोचवायची, हा हेतू. घेताना मालक म्हणाला, लिटरला सोळा किलोमीटर देते. पहिलं वर्ष बरं गेलं. दुसऱ्या वर्षी पावसाळा संपला आणि पेट्रोलचा खर्च वाढायला लागला. दसऱ्यापासून एका मावशींचा मुलगा गाडी चालवायला लागला होता. दिवाळीनंतरच्या बैठकीत वही उघडली आणि एकजण पटकन बोलून गेली, "गाडी पेट्रोल पीत नाही, पोरगं विकतंय." सगळ्या गप्प. मावशींनी काही न बोलता गाडीची किल्ली सतरंजीवर ठेवली आणि उठून गेल्या. पुढच्या दोन बैठकांना त्यांची हजेरी नव्हती.

ही गोष्ट इथेच ठेवते. शेवट नंतर सांगते. आता जाऊ या १८८८ सालात, जर्मनी देशात.

तिथे मानहाइम नावाच्या गावात बर्था बेंझ नावाची बाई राहायची. तिचा नवरा कार्ल बेंझ यंत्रं बनवायचा. लग्नाआधीच, १८७१ साली, कार्लचा धंदा भागीदारामुळे बुडायला आला होता. तेव्हा बर्थाने आपल्या वडिलांकडून लग्नात मिळणारे पैसे आधीच मागून घेतले आणि त्या भागीदाराचा हिस्सा विकत घेऊन त्याला मोकळं केलं. म्हणजे आपण ज्याला स्त्रीधन म्हणतो, त्यावर तो कारखाना वाचला. पुढे कार्लने पेट्रोलवर चालणारी तीन चाकांची गाडी बनवली. २९ जानेवारी १८८६ ही तिच्या पेटंटची तारीख. पेटंट कार्लच्या एकट्याच्या नावावर.

गाडी तयार होती, पण विकली जात नव्हती. लोक लांबून बघायचे आणि घाबरायचे. कार्लही ती गावाबाहेर फारशी नेत नसे. मग ऑगस्ट १८८८ मध्ये एके पहाटे, नवरा झोपेत असताना, बर्थाने दोन मुलांना बरोबर घेतलं, गाडी बाहेर काढली आणि माहेरच्या रस्त्याला लागली. माहेर फोर्ट्सहाइमला, शंभर किलोमीटरहून थोडं जास्त लांब. तोवर मोटारीने इतका लांबचा प्रवास कुणीही केला नव्हता.

मैत्रिणींनो, त्या रस्त्यात काय काय झालं ते नीट ऐका, कारण आजची आपली सगळी तपासणी त्यातच आहे.

त्या गाडीला आजच्यासारखी वेगळी टाकी नव्हती. कार्ब्युरेटरमध्ये साडेचार लिटरच्या आसपास इंधन मावायचं, तेवढंच. ते संपलं. तेव्हा पेट्रोलपंप कुठला? वीसलोख नावाच्या गावात औषधाचं दुकान होतं. तिथे लिग्रोइन नावाचा पातळ पदार्थ कपड्यांवरचे डाग काढायला विकायला ठेवलेला असे. बर्थाने तोच विकत घेऊन गाडीत ओतला. आज त्या दुकानाला जगातला पहिला पेट्रोलपंप म्हणतात.

पुढे इंधन यायची नळी तुंबली. बर्थाने टोपीला लावायची लांब पिन काढली आणि नळी मोकळी केली. मग ठिणगीची तार उघडी पडली. मोज्याचा पट्टा गुंडाळून तिने ती झाकली. उतारावर लाकडी ब्रेक झिजले. तिने रस्त्यातल्या चांभाराकडून ब्रेकवर चामडं ठोकून घेतलं. आज आपल्या गाडीत ब्रेक लायनर असतात ना, त्यांची आजी म्हणजे हे चामडं. चढावर गाडी दमायची तेव्हा मुलं उतरून ढकलायची. संध्याकाळी माहेरी पोचल्यावर तिने नवऱ्याला तार केली. परत आल्यावर चढासाठी आणखी एक गिअर हवा, हेही सांगितलं.

आता बर्थाला त्या दिवशी पडलेले प्रश्न आपण ओळीने मांडू या. इंधन नीट येतंय का? ठिणगी नीट पडतेय का? चाक मोकळं फिरतंय का? गाडीवर भार किती आहे? एकशे तीस-चाळीस वर्षांत गाडी पार बदलली, पण ॲव्हरेज कमी झालं की आजही याच चार प्रश्नांपाशी यावं लागतं.

त्याच वर्षी, म्हणजे १८८८ सालीच, आणखी एक गोष्ट घडली. जॉन बॉइड डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हवा भरलेली रबरी नळी करून बघितली होती. तिचं पेटंट त्याने या वर्षी घेतलं. कडक चाकापेक्षा हवेचं चाक हलकं पळतं, हे त्याने दाखवलं. म्हणजे टायरमधली हवा फक्त आराम देण्यासाठी नाही, ताकद वाचवण्यासाठीही असते. सायकलची हवा कमी झाली की आपल्या मांड्या भरून येतात. गाडीच्या मांड्या म्हणजे पेट्रोल.

दुसरी बाई अमेरिकेतली. नाव ॲलिस रॅमसे, वय बावीस. १९०९ साली ती न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत गाडी घेऊन गेली. बरोबर तीन बायका होत्या आणि त्यांतली एकही गाडी चालवत नव्हती. ५९ दिवस लागले. ११ वेळा टायर बदलले. प्लग साफ केले, ब्रेकचं पेडल मोडलं तर तेही बांधून काढलं. त्या गाडीत पेट्रोल किती उरलं हे दाखवणारा काटा नव्हता. सीटखालच्या टाकीत काठी बुडवून ती बघायची. विहिरीचं पाणी बघायला आपण दोर सोडतो, तसंच. तिच्याकडून मी एकच धडा घेतला, आधी मोजायचं, मग बोलायचं.

आता प्रश्न असा, की ॲव्हरेज हा शब्द घराघरात कधीपासून ऐकू यायला लागला? सुरुवातीची बरीच वर्षं पेट्रोल स्वस्त होतं. अमेरिकेत बैलगाडीएवढ्या रुंद गाड्या निघायच्या आणि किती पितात याची फिकीर थोड्यांनाच होती. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देश आणि इस्राएल यांचं युद्ध झालं. अरब देशांनी अमेरिकेला आणि तिच्या काही मित्रदेशांना तेल देणं थांबवलं. थोड्याच महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव जवळजवळ चौपट झाला. ज्या जर्मनीत बर्था पहिल्यांदा लांबच्या प्रवासाला निघाली, तिथे पश्चिम जर्मनीच्या सरकारने चार रविवार खासगी गाड्या रस्त्यावर आणायला बंदी केली. लोक मोठ्या हमरस्त्यांवरून पायी आणि सायकलवर फिरले.

आपल्याकडेही पेट्रोल महागलं. त्याच नोव्हेंबरमध्ये अटलबिहारी वाजपेयी निषेध म्हणून बैलगाडीतून संसदेत गेले होते. १९७४ साली अमेरिकेने हमरस्त्यांवरचा वेग ताशी ५५ मैल, म्हणजे ८८ किलोमीटरवर आणला. १९७५ साली तिथे कायदा झाला, की कंपन्यांनी गाड्यांचं ॲव्हरेज वाढवलंच पाहिजे. आपल्या देशात १९७८ साली इंधन वाचवण्याचं शिक्षण देणारी 'पेट्रोलियम कन्झर्व्हेशन रिसर्च असोसिएशन' उभी राहिली. ताशी ४५ ते ५५ किलोमीटरने चालवा, टायरची हवा तपासा, थांबलात तर इंजिन बंद करा, हे त्यांचेच जुने सल्ले. तेव्हाही खरे होते, आजही खरे आहेत.

आपल्या महाराष्ट्राचाही यात वाटा आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली मोटारीचा कारखाना काढला आणि मुंबईत कुर्ल्याला पुढे पद्मिनी गाडी बनली. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीत बसलेल्यांना ती आठवत असेल. २०२३च्या ऑक्टोबरअखेर ती टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून गेली. १४ डिसेंबर १९८३ला मारुती ८०० आली. पहिल्या मालकाला किल्ली इंदिरा गांधींनी दिली. छोटं, तीन सिलिंडरचं, ८०० सीसीच्या आतलं इंजिन आणि हलका सांगाडा. तेव्हापासून मध्यमवर्गीय घरात गाडीची चौकशी रंगाने नाही तर "देते किती?" या प्रश्नाने सुरू व्हायला लागली.

या सगळ्या जुन्या गाड्यांत कार्ब्युरेटर होता. तो कसा काम करतो, हे चुलीवरून सांगते. चुलीत लाकूड जास्त आणि हवा कमी झाली की काय होतं? धूर होतो, भांडं काळं होतं, लाकूड जळून जातं आणि पाणी काही तापत नाही. इंजिनातही तसंच. १ किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. हवा कमी पडली तर पेट्रोल अर्धवट जळून धुराड्यातून जातं. कार्ब्युरेटर हे मिश्रण अंदाजाने करायचा. थंडीत इंजिन गार असलं की चोक ओढायचा, म्हणजे हवा कमी, पेट्रोल जास्त. इंजिन तापलं की चोक परत ढकलायचा. तो ढकलायला विसरलं की गाडी पेट्रोल पीत बसायची. त्या काळच्या मिस्त्रीचा पहिला प्रश्न असायचा, "चोक आत आहे ना?"

१९७६ साली नवी युक्ती आली. धुराड्याच्या वाटेवर एक छोटं उपकरण बसवायचं, त्याने धुरातला ऑक्सिजन हुंगायचा आणि पेट्रोल जास्त जातंय की कमी, हे सांगायचं. त्याला ऑक्सिजन सेन्सर म्हणतात. आपण धुराचा रंग बघून चुलीतलं लाकूड मागे ओढतो ना, अगदी तसं. आपल्या देशात २००० सालाच्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक झाले, शिशाचं पेट्रोल बंद झालं आणि कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शनच्या गाड्या आल्या. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा आलं. आता पेट्रोल किती सोडायचं हे गाडीतला छोटा संगणक ठरवतो. चोकची दांडी गेली.

दांडी गेली, पण चोक गेला नाही. तो आता संगणकाच्या आत आहे. इंजिन गार आहे असं त्याला वाटलं, की तो जास्त पेट्रोल सोडतो. आणि कधी कधी इंजिन गार आहे असं त्याला कायमच वाटत राहतं. आमच्या गाडीचं दुखणं इथेच होतं, पण ते कळायला आम्हाला दीड महिना लागला.

मैत्रिणींनो, आता आमच्या बैठकीकडे परत येते.

त्या रात्री मला झोप लागली नाही. कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं, की एकापाठोपाठ एक घडलं म्हणून पहिल्यामुळे दुसरं घडलं असं होत नाही. दसऱ्याला पोरगा आला आणि दसऱ्यानंतर ॲव्हरेज गेलं, एवढ्यावरून आम्ही त्याला चोर ठरवलं होतं. सकाळी उठून मी पेट्रोलची वही काढली. तिच्यात काय होतं? "तीनशेचं पेट्रोल. पाचशेचं पेट्रोल. दोनशेचं पेट्रोल." रुपये होते. लिटर नव्हते आणि किलोमीटरही नव्हते. मग ॲव्हरेज कमी झालं, हे तरी आम्ही कशावरून म्हणत होतो? वही नीट लिहून घेणं हे माझं काम होतं. चूक माझी होती.

मग आम्ही मोजायला बसलो. रीत सोपी आहे. पंपावर टाकी पूर्ण भरायची, पंपाची नळी आपोआप बंद होईल तिथे थांबायचं आणि मीटरचा आकडा लिहायचा. दोन-अडीचशे किलोमीटर रोजच्यासारखी गाडी चालवायची. पुन्हा त्याच पंपावर, तशीच टाकी भरायची. दुसऱ्या वेळी जेवढे लिटर बसले, तेवढे आपण जाळले. किलोमीटरला लिटरने भागायचं. मोजणी चालू असताना गाडी चालवली आमच्या एका ताईंच्या यजमानांनी. टाकीच्या झाकणाची किल्ली माझ्याकडे. २५१ किलोमीटर झाले आणि २२.४ लिटर पेट्रोल बसलं. भागाकार केला, ११.२.

म्हणजे पोरगा गाडीत नव्हता, झाकणाला कुलूप होतं, तरी गाडी अकराच देत होती. चोर गाडीतच होता.

एक गोष्ट लक्षात ठेवा. कंपनीच्या कागदावर जो आकडा असतो, तो प्रयोगशाळेत गाडीची चाकं रोलरवर फिरवून काढलेला असतो. पुण्याला वेताळ टेकडीवर १९६६ सालापासूनची मोठी संस्था आहे, 'ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया', तिथे अशा चाचण्या होतात. तिथे खड्डा नाही, घाट नाही, आठवडी बाजार नाही. म्हणून त्या आकड्याशी भांडू नका. आपल्या गाडीची तुलना आपल्याच गाडीच्या मागच्या आकड्याशी करा.

मग आम्ही बर्थाचे प्रश्न उलट्या क्रमाने घेतले, कारण शेवटचे तपासायला फुकट होते. पहिला भार. गाडीवर लोखंडी कॅरिअर होतं, रिकामं असलं तरी वारा अडवणारं. डिकीत दोन जुनी वजनं, एक पाटा आणि गेल्या वर्षीच्या प्रदर्शनाचे खांब. सगळं उतरवलं. मग टायरची हवा. दाराच्या चौकटीवरच्या चिकटपट्टीवर ३० लिहिलेलं होतं, टायरमध्ये भरत होती बावीस-तेवीस. हवा भरली, पुन्हा टाकी भरून मोजलं, ११.९ आलं. एका वेळी एकाच दुखण्याला हात लावायचा आणि मग मोजायचं, हा आमचा नियम. पहिल्याच खेपेला तो थोडा मोडला, भार आणि हवा एकदमच केले. पुढे मात्र पाळला.

मग चाक मोकळं आहे का? सपाट जागी न्यूट्रलमध्ये गाडी ढकलून बघितली. एकटीला हलेना. मग गाडी थोडी फिरवून आणली, फारसा ब्रेक न दाबता, आणि चारही चाकांजवळ हात नेऊन बघितला. हात लावायचा नाही बरं का, भाजतो. मागचं डावं चाक तव्यासारखं तापलेलं. हँडब्रेकची केबल पावसाळ्यात गंजली होती आणि हँडब्रेक सोडला तरी आत ब्रेक धरून राहत होता. म्हणजे एका हाताने बैल हाकायचा आणि दुसऱ्या हाताने त्याची शेपटी ओढायची. केबल बदलली, ड्रम साफ केला. ॲव्हरेज १३.३.

पुढे ठिणगी. प्लग काढून बघितले, चांगले होते, पण टोकावर काळी, कोरडी काजळी. काजळी म्हणजे चुलीत लाकूड जास्त. एअर फिल्टर धुळीने भरलेला होता, तो बदलला. इथे एक जुना समज सांगते. कार्ब्युरेटरच्या काळात तुंबलेल्या फिल्टरने पेट्रोल खूप जायचं. इंजेक्शनच्या गाडीत संगणक हवेच्या हिशोबाने पेट्रोल कमी करतो, म्हणून ॲव्हरेजपेक्षा गाडीची ताकद जास्त कमी होते. फिल्टर बदलायचाच, पण "फिल्टर बदला, ॲव्हरेज दुप्पट" असं कुणी म्हणालं तर हसून सोडून द्या. आमच्या आकड्यात फिल्टरने फरक पडला नाही.

शेवटी राहिला इंधनाचा प्रश्न. तालुक्याच्या एका वयस्कर मिस्त्रीने गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवली आणि विचारलं, "तुमचा तापमानाचा काटा मधे कधी येतो?" आम्ही म्हणालो, "येतच नाही. चांगलंच ना, गाडी तापत नाही." तो म्हणाला, "बाई, इंजिनाला ताप लागतो. तापलं नाही तर ते खूप खातं." त्याने पाण्याच्या वाटेवरचं झाकण उघडून दाखवलं. तिथे थर्मोस्टॅट वॉल्व्ह असायला हवा होता. तो नव्हताच. मग आठवलं, मागच्या उन्हाळ्यात घाटात गाडी तापली होती तेव्हा एका गॅरेजमध्ये तो काढून टाकला होता, "आपल्याकडच्या उन्हात याची गरज नाही" असं सांगून.

हा वॉल्व्ह इंजिन पुरेसं तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही. तो नसला की पाणी सुरुवातीपासून फिरत राहतं आणि इंजिन गारच राहतं. संगणकाला वाटतं, आता कुठे गाडी सुरू झाली, आणि तो जास्त पेट्रोल सोडत राहतो. उन्हाळ्यात फरक कमी जाणवला. दसऱ्यानंतर थंडी पडायला लागली आणि गाडीचा चोक जसा काही कायमचा ओढलेलाच राहिला. नवा वॉल्व्ह बसवला. टाकी भरून मोजलं. ३०४ किलोमीटर, २० लिटर. १५.२.

आता हिशोब बघा. आमची गाडी महिन्याला साधारण ९०० किलोमीटर चालते. ११.२च्या हिशोबाने ८० लिटर लागायचे, आता ५९ लागतात. महिन्याला २१ लिटर वाचले. शंभराचा भाव धरला तरी २,१०० रुपये. आमच्या एका गटात वीस बायका शंभर-शंभर रुपये बचत करतात, म्हणजे २,०००. एका अख्ख्या गटाची महिन्याची बचत आम्ही धुरात घालवत होतो आणि त्याचा आळ एका पोरावर ठेवत होतो.

मग सोळा का नाही आले? याचं उत्तरही आपल्याच शिवारात आहे. पेट्रोलमध्ये उसापासूनचं इथेनॉल मिसळण्याचे देशातले पहिले प्रयोग २००१ साली झाले. त्यांतली दोन ठिकाणं आपल्याच राज्यातली, मिरज आणि मनमाड. आज मिश्रण २० टक्क्यांपर्यंत गेलं आहे. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश ताकद असते. २०२१ च्या सरकारी आराखड्यातच म्हटलं आहे, की जुन्या धाटणीच्या चारचाकीचं ॲव्हरेज त्यामुळे सहा-सात टक्क्यांनी कमी होऊ शकतं. उसाला भाव मिळण्याचा फायदा आपल्याच भागाला आहे आणि पंपावर थोडं जास्त भरावं लागतं तेही आपल्यालाच. दोन्ही गोष्टी वहीत लिहा, म्हणजे याचाही आळ कुणावर येणार नाही.

जाता जाता घाटाबद्दल. जुने ड्रायव्हर उतारावर गाडी न्यूट्रल करायचे. ही सवय कार्ब्युरेटरच्या काळातली. इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकून, ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की संगणक पेट्रोल बंदच करतो. न्यूट्रल केलं तर इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतं आणि सगळा भार ब्रेकवर येतो. म्हणजे पेट्रोलही जातं आणि जिवालाही धोका. घरातल्या पोरांना हे नक्की सांगा.

आता गोष्टीचा शेवट. हिशोब हातात आल्यावर आम्ही पाचजणी मावशींच्या घरी गेलो. ज्या बाईने आरोप केला होता, ती सगळ्यात पुढे होती. तिने पाय धरले. मावशी म्हणाल्या, "माझ्या दारात नको. जिथे बोललीस तिथेच बोल." बरोबर होतं त्यांचं. पुढच्या बैठकीत तिने सगळ्यांसमोर माफी मागितली. त्याखाली मी माझी माफी लिहिली आणि ठराव वहीत सगळ्यांच्या सह्या घेतल्या. त्याच ठरावात लिहिलं आहे, की यापुढे गटाच्या पैशाबद्दल कुणावर संशय आला तर आधी मोजायचं, मग बोलायचं.

पोरगा मात्र परत आला नाही. तो एमआयडीसीत कामाला लागला. भेटला की हसतो, पण गाडीकडे बघत नाही. ते नुकसान कुठल्या भागाकारात बसत नाही.

पेट्रोलची वही आता मावशींकडे असते. रकाने त्यांनीच आखले आहेत, तारीख, मीटर, लिटर, रुपये, कोण चालवत होतं. चौथीपर्यंत शिकलेल्या आहेत, पण भागाकार पक्का. महिन्याच्या पंधरा तारखेला बैठक सुरू झाली की हजेरीनंतर त्या उभ्या राहतात आणि आकडा वाचून दाखवतात. गेल्या महिन्याचा होता १५.१.

तुमच्या गावात गटाची गाडी असो, घरची असो की भाड्याची रिक्षा, उद्याच एक वही करा आणि पहिला आकडा लिहून ठेवा.